आईला भेटायला

सोलांज नर्स पेटी पोटाशी धरून आली,
कोटाच्या आत, अंडं उबवावं तशी.
दक्षिणेत म्हणे औषध गार ठेवायची काळजी करतात.
इथे ते गोठू नये म्हणून
अंगाची ऊब द्यावी लागते.
विमान तीन दिवस वादळात अडकलं होतं.

"ही लस नाही," ती म्हणाली. "लस शरीराला शिकवते,
आणि हिला शिकायला वेळ कुठे आहे?
ही तयार प्रतिपिंडं..." मग शब्द शोधत थांबली.
मी म्हटलं, हातउसनं.
शेजारणीकडून वाटीभर पीठ आणावं, तसं.
"हो. फक्त परत करायचं नाही.
एवढा हिवाळा निभेल.
पण तरी दार जपा."

मांडी केवढी! सुई टोचली आणि कुपानुआक रडली,
आणि मला बरं वाटलं. रडण्याला आता आवाज होता.
नऊ आठवडे आधी जन्मली तेव्हा नव्हता.
तिकडे दूर, शहरात, काचेच्या पेटीत
प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जायच्या,
वाऱ्यात तंबूचं कापड जातं तशा.

मी दारावर कागद लावला, आमच्या लिपीत:
खोकला असेल तर आत येऊ नका.
नसेल तरी आधी हात धुवा.
लिहिताना कान तापले.
या गावात दार वाजवून फक्त पोलीस येतात,
बाकी सगळे सरळ आत, बूट काढतानाच बोलत.

मुसुसी शाळेतून आला, नाक वाहतंय.
पाण्याचा ट्रक काल नाही, आज नाही,
टाकीच्या तळाशी बोटभर पाणी.
भांडी राहू देत.
ते बोटभर त्याच्या हातांना.
"बहिणीला लांबून बघ," म्हटलं, तर म्हणतो,
"लांबून कसं हुंगणार?"

काय सांगू त्याला.
आमच्यात पापा घेत नाहीत, गालाला नाक टेकवतात
आणि हुंगतात, खोल, छाती भरेपर्यंत.
तिचा श्वास आपण घ्यायचा, आपला तिच्यापाशी ठेवायचा.
माया ज्या वाटेने जाते
त्याच वाटेने तो विषाणू येतो.
दुसरी वाटच नाही त्याला.

संध्याकाळी वडील आले. बाहेरच्या पडवीतच थांबले.
आतलं दार उघडलं नाही.
"आई कशी आहे?"

कुपानुआक त्यांच्या आईचं नाव.
ज्याचं नाव, तेच माणूस; म्हणून माझी लेक
पुतुलिकची आई. तो तिला तसंच हाक मारतो,
पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा, दोन महिन्यांच्या पोरीला.

"बरी आहे. या ना."
"नको. कालपासून घसा खवखवतोय."
मग खोकला, हाताच्या कोपरात दाबलेला.

मी खिडकीशी गेले. काचेवर आतून बर्फ धरलं होतं,
तळवा टेकवून बशीएवढं वितळवलं.
पाठीवरच्या अमाउतीतून तिला पुढे घेतलं.
बाहेर त्याने टोपी मागे सारली,
बर्फाने पांढऱ्या झालेल्या भुवया,
आणि काचेला नाक लावून
हुंगलं.

काच हुंगली, एवढंच. उणे एकतीस होतं.
"नाक चिकटेल, बाबा!"

"मी सहा वर्षांचा होतो," तो काचेपलीकडून म्हणाला,
"खोकला तिला होता. जहाजावर चढवलं,
मी किनाऱ्यावर. कुठे पुरली, कुणी सांगितलं नाही.
या खेपेला खोकला मला आहे.
मी बाहेर थांबतो.
ती घरी राहू दे."

सीलचं काळीज पिशवीत पायरीवर ठेवून गेला.
नऊ दिवस रोज आला, रोज काचेपाशी.
दहाव्या दिवशी आत आला, आधी हात धुतले,
ट्रक आला होता, भरपूर धुतले,
मुसुसी शेजारी उभा राहून मोजत होता.

काचेवर त्याच्या नाकाचा डाग आहे अजून.
मी दोनदा पुसला.
मग लक्षात आलं,
तो बाहेरच्या बाजूला आहे.